मदत हवी आहे: मोटरहोम, आव्हिन्यों, एकच दिवस आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

आम्ही स्टुटगार्टला राहतो. साताऱ्याहून आई-बाबा आलेत म्हणून पंधरा दिवस मोटरहोम भाड्याने घेतलंय. सध्या ल्यॉनच्या अलीकडे आहोत. रविवारी रात्री दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्योंला पोचू, सोमवार पूर्ण हातात, मंगळवारी सकाळी पुढे.

पहिली अडचण गाडीची. सात मीटर लांब, 2.90 मीटर उंच. काल एका गावात पार्किंगच्या तोंडाशी 1.90 मीटरचा आडवा दांडा लागला. पाटी दिसली तोवर मागे चार गाड्या येऊन चिकटल्या होत्या. बाबा खाली उतरून "येऊ दे, येऊ दे" करतायत आणि आई स्वेटरवरून पदर खोचून मागच्या गाड्यांना हाताने मागे सारतेय. मराठीतून. गेल्या बिचाऱ्या मागे, पण माझा शर्ट घामाने भिजला. आता कुठल्याही जुन्या शहराच्या वेशीत शिरायची हिंमत नाही. तर गाडी ठेवायची कुठे?

दुसरी अडचण, आईचे गुडघे. सपाटीवर तास-दीड तास आरामात चालते, पायऱ्या मात्र नकोत. चौदाव्या शतकात पोप रोमऐवजी आव्हिन्योंला राहायचे, तो पोपचा राजवाडा तिला झेपेल का? तिचं म्हणणं, "आत सगळं रिकामं आहे म्हणतात, मग भिंती बघायला एवढे पैसे कशाला?" बाबांचं उलट. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत. 1348 मध्ये पोप सहावा क्लेमेंट याने हे शहर नेपल्सच्या राणीकडून 80,000 फ्लोरिनला (तेव्हाची सोन्याची नाणी) विकत घेतलं, हे वाचल्यापासून त्यांना राजवाडा बघायचाच आहे. शहर खरेदी करणारा माणूस राहायचा तरी कसा, हा त्यांचा प्रश्न.

सकाळी ले आलच्या मंडईत भाजी-फळं घ्यायचाही विचार आहे. वेळापत्रक जमेल का?

प्रतिसाद १

गाडी तटबंदीच्या आत अजिबात नेऊ नका. 4.3 किलोमीटरचा कोट शाबूत आहे आणि आतल्या गल्ल्या आपल्या जुन्या पेठांसारख्या. समोर ऱ्होन नदीत बार्तलास नावाचं मोठं बेट आहे, निम्मंअधिक शेतीचं. तिथे कॅम्पसाइट आहेत, वीज-पाणी मिळतं, सांडपाणी आणि टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) रिकामी करता येते. बेटावरून शहरात यायला फुकट होडी आहे, काही मिनिटांत पलीकडे. शेवटची फेरी किती वाजता ते चढतानाच विचारून घ्या. पाणी चढलं की होडी बंद असते, मग दालादिए पुलावरून चालत यावं लागतं.

मंडई सोमवारी बंद! मंगळवारी निघायच्या आधी सकाळी जा, दुपारी आवरतात.

प्रतिसाद २

राजवाड्यात चढउतार बराच आहे, खोटं सांगणार नाही. आणि आईंचं बरोबर आहे, तो रिकामाच आहे. क्रांतीनंतर सामान गेलं, पुढे 1906 पर्यंत तिथे सैन्याची बराक होती. पण तिकिटासोबत टॅबलेट देतात. दालनात उभं राहून तो समोर धरला की चौदाव्या शतकातलं दालन दिसतं, पडदे, गालिचे, सगळं. बाबांना पोपची 'हरणाची खोली' चुकवू देऊ नका. भिंतभर शिकारीची आणि मासेमारीची चित्रं आहेत, देवाधर्माचं तिथे काही नाही.

आई बाहेर चौकात बसतील तर छोटी पर्यटक-गाडी तिथूनच सुटते, रोशे दे दोमच्या टेकडीवरच्या बागेत नेते. पायऱ्या नाहीत आणि वरून सगळी ऱ्होन दिसते.

ऱ्होनवरच्या जुन्या, तुटक्या पुलावर चढायला मात्र पैसे घालवू नका, हे माझं मत. 22 कमानींतल्या 4 उरल्यात. बेटाच्या काठावरून संध्याकाळी तो फुकट दिसतो, तोच जास्त छान. वर गेलात तर तुम्हाला पूल सोडून बाकी सगळं दिसेल.

आणि बाबांना सांगा, खरेदी पक्की होती. पोप 1377 मध्ये रोमला परत गेले, तरी शहर पोपच्याच मालकीचं राहिलं. फ्रान्सकडे आलं ते थेट 1791 मध्ये. तोवर फ्रान्सच्या पोटातलं संस्थानच म्हणा ना.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार! मंडईचं सांगितलंत ते बरं झालं, बंद दारासमोर उभा राहिलो असतो. बेटावर जागा मिळाली आहे. सकाळी होडी, मग बाबा आणि मी राजवाड्यात, आई आणि बायको त्या छोट्या गाडीतून टेकडीवर, संध्याकाळी काठावर चहा-पोहे. आई म्हणाली, "तो टॅबलेट बाहेर आणून दाखवता येत नाही का?" संस्थानाचं ऐकल्यापासून बाबा मात्र विचारतायत की 1791 ला पोपला नुकसानभरपाई मिळाली का. कुणाला ठाऊक असेल तर लिहा, नाहीतर तिकीटखिडकीवर मला विचारायला लावतील.

एक शेवटचं. मंगळवारी आईला कुकरमध्ये वरणभात लावायचाय. कॅम्पसाइटवर शिट्टीला कुणी हरकत घेतं का?