रोममधला जेवणखर्च

रोमच्या सहलीत जेवणखाणासाठी माणशी रोज ६० युरो लागतील, असा अंदाज कुणीतरी दिलाय. दोन्ही वेळा हॉटेलात बसून जेवणार असाल तर ठीक, एरवी जास्तच वाटतात. तिथे कॉफी काउंटरपाशी उभं राहूनच प्यावी. तीच टेबलावर मागवली की महाग पडते, आणि प्रसिद्ध चौकात तर विचारूच नका! जेवणाच्या बिलात माणशी १ ते ३ युरो 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचा आकार) किंवा पावाचे म्हणून लागू शकतात, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दुपारी 'पिझ्झा अल ताल्यो' उत्तम. वजनावर कापून देतात, शाकाहारींना बटाट्याचा किंवा झुकिनीचा मिळतो. आणि पाणी विकत कशाला घेता? रस्तोरस्ती 'नासोने' नावाचे लोखंडी नळ वाहतच असतात, पाणी गार आणि पिण्याजोगं. रिकामी बाटली तेवढी जवळ ठेवा. जेलातो (इटालियन आइस्क्रीम) मात्र मी बजेटात धरतच नाही.