अंड्याचा बलक खावा की काढून टाकावा?

सावकाश (प्रश्न)

गेल्या महिन्यात केलेल्या रक्तचाचणीत माझे एकूण कोलेस्टेरॉल २२८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४६, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १५० आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५२ आले. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत. वय ४६, वजन बेताचे, मधुमेह नाही, धूम्रपान नाही. रोज सकाळी मी दोन अंडी खातो आणि हा क्रम गेली आठ-दहा वर्षे चालू आहे. अहवाल घरात आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटलीत फक्त पांढरा भाग येऊ लागला आहे. बलक एका वाटीत बाजूला काढले जातात आणि दिवसभर कोणाचे तरी मन होईल या आशेवर तिथेच राहून संध्याकाळी टाकून दिले जातात. पत्नीच्या मते आकडा वाढण्याचे कारण त्या वाटीतच आहे, तर एका मित्राच्या मते अंड्याचा आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा काहीही संबंध नसल्याचे आता सिद्ध झालेले आहे. नेमके कोणाचे बरोबर? माझ्या वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, हेही सांगून ठेवतो.

दुर्बीण

पत्नीचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. मोठ्या आकाराच्या एका अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते आणि ते सगळे बलकातच असते. परंतु खाल्लेले कोलेस्टेरॉल जसेच्या तसे रक्तात उतरत नाही. शरीराला लागणारे बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, बाहेरून आवक वाढली की यकृत आपले उत्पादन आवरते घेते, आणि आतडेही आलेल्या मालापैकी सरासरी निम्माच शोषून घेते. नियंत्रित आहाराच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले असता रोजच्या खाण्यात १०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल वाढवल्यास रक्तातले एकूण कोलेस्टेरॉल सरासरी दोन-सव्वादोन अंकांनीच वाढते, असे दिसते. या मापाने आपल्या दोन बलकांचा वाटा आठएक अंकांचा होतो. म्हणजे बलक पूर्ण सोडले तरी १५२ चा आकडा सरासरीने १४५ च्या आसपासच येईल. काही जणांचे शरीर मात्र अशा आवकेला बरेच जास्त प्रतिसाद देते आणि आपण त्यांच्यापैकी आहोत की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही.

आपल्या मित्राने बहुधा २०१५ सालच्या बदलाबद्दल वाचले असावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीन बलक अशी मर्यादा सुचवली होती आणि ३०० चा तो आकडा पुढे कित्येक दशके सर्वत्र प्रमाण मानला गेला. अमेरिकेच्या सरकारी आहारविषयक मार्गदर्शिकेच्या २०१५ ते २०२० या आवृत्तीतून तो वगळला गेला आणि अंडे निर्दोष सुटल्याची बातमी झाली. त्याच मार्गदर्शिकेत आहारातले कोलेस्टेरॉल शक्य तितके कमी ठेवावे, असेही लिहिलेले होते. पण ते वाक्य बातमीत फारसे आले नाही.

अंड्यापेक्षा मी आधी वेगळेच विचारीन. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल उचलून आत घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधून काढणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त मेद (लोणी-तुपात असते तसली चरबी) जास्त झाले की हे रिसेप्टर कमी पडू लागतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत आकडा चढण्याचे आहारातले मुख्य कारण हेच असते. अंड्यात संपृक्त मेद जेमतेम दीड ग्रॅम असते. आपण अंडी कशात करता आणि कशाबरोबर खाता?

ओसरी

माझ्या आजीने आयुष्यभर रोज अंडी खाल्ली आणि ती ९१ वर्षे जगली. उगाच घाबरू नये, एवढेच सुचवतो.

सुईदोरा

ओसरी, आपल्या आजींपेक्षाही सरस उदाहरण उपलब्ध आहे. रोज २५ अंडी खाणाऱ्या एका ८८ वर्षांच्या गृहस्थांचे कोलेस्टेरॉल सर्वसाधारण असल्याचा वृत्तान्त १९९१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. तपासणीत असे आढळले की त्यांचे आतडे खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी फक्त १८ टक्के शोषत होते आणि उरलेल्याची विल्हेवाट त्यांचे यकृत पित्ताम्ले बनवून लावत होते. त्या गृहस्थांचे आतडे आपल्याला मिळालेले नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. दुसऱ्या टोकाला ससे आहेत. १९१३ मध्ये निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्या बिघडवून दाखवल्या. पण ससा शाकाहारी, त्याला या पदार्थाची सवयच नाही.

मधल्या माणसांचे काय, यावर मोठे अभ्यास एकमेकांशी सहमत नाहीत. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या २९,६१५ अमेरिकन प्रौढांच्या अभ्यासात अंड्यांचे प्रमाण वाढेल तशी हृदयविकाराची जोखीम थोडी वाढलेली दिसली. पुढच्याच वर्षी 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात दिवसाला एका अंड्यापर्यंत असा संबंध दिसला नाही. दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. त्यांत लोकांनी काय खाल्ले हे त्यांच्याच सांगण्यावरून नोंदलेले असते आणि अंड्याबरोबर ताटलीत आणखी काय होते, हे पुरते वेगळे काढता येत नाही. निरोगी माणसाने दिवसाला एक पूर्ण अंडे खाण्यास हरकत नाही, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांचे २०१९ चे मत मला सध्या तरी पटते.

मात्र मूळ प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य अगदी शेवटी, जाता जाता आलेले आहे. वडिलांना किंवा भावाला वयाच्या ५५ च्या आत हृदयविकार होणे ही स्वतंत्र जोखीम धरली जाते आणि ती बलक टाकून कमी होत नाही.

सावकाश

दुर्बीण यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला संकोच वाटतो आहे. अंडी लोण्यावर परततो. काल सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर लोण्याचा डबा आधी आणि नंतर ठेवून पाहिला, तेव्हा तव्यावर आणि पावावर मिळून २० ग्रॅम गेल्याचे दिसले. बलक बंद झाल्यापासून नुसत्या पांढऱ्याला चव लागत नाही, म्हणून लोणी थोडे वाढले आहे, हेही कबूल करतो.

दुर्बीण

लोण्यात निम्मे वजन संपृक्त मेदाचे असते. म्हणजे २० ग्रॅममध्ये १० ग्रॅम, आणि ज्या दोन बलकांची एवढी चर्चा झाली त्या दोन्हींत मिळून तीन. एखादे द्रव वनस्पती तेल चमचाभर वापरून पाहावे.

सुईदोरा

आता बलक परत सुरू करून फक्त लोणी थांबवावे, असे मी म्हणेन. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर आकडा कशामुळे उतरला ते कधीच समजणार नाही.

दुर्बीण

प्रयोग म्हणून ते योग्य आहे, पण वडिलांचे वय ५२ होते हे पाहता मी सावकाश यांना लोणी बंद आणि बलक दिवसाला एकच, असे दोन्ही एकदम करायला सांगेन. कोणाचा वाटा किती हे कळले नाही तरी चालेल. त्याच वेळी डॉक्टरांना भेटून वडिलांची हकिकत आवर्जून सांगावी आणि थायरॉइडची चाचणी झालेली नसल्यास ती करून घ्यावी, कारण थायरॉइड मंदावले असेल तरीही एलडीएल चढते. औषध लागेल की नाही हे एका आकड्यावरून नव्हे, तर एकूण जोखीम पाहून ठरते आणि तो निर्णय त्यांच्याकडेच राहू द्यावा.

पुढची चाचणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत आणि मागच्या वेळेइतकाच वेळ उपाशी राहून करावी. आपला १५२ हा आकडा थेट मोजलेला नसून हिशेबाने काढलेला दिसतो: २२८ मधून ४६ वजा केले आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा, म्हणजे ३०, वजा केला की बरोबर १५२ उरतात. आदल्या रात्री भरपेट मेजवानी झाली आणि ट्रायग्लिसराइड्स चढले, तर या वजाबाकीत एलडीएल उगाच कमी दिसेल आणि घरात लोण्याचा डबा पुन्हा उघडला जाईल.