हेडफोन दोन हजारांचा की पंधरा हजारांचा? घरी बसून गाणं ऐकायचंय

सुरंगी (देवगड)

नमस्कार मंडळी,

आंब्याचा सीझन संपला, हिशेब झाले. यंदा फक्त माझ्यासाठी म्हणून १५,००० रुपये बाजूला काढलेत आणि त्यातून मला गाणं ऐकायला हेडफोन घ्यायचाय. भाऊ म्हणतो, दोन हजारांत झकास मिळतो, उरलेले कलमांच्या खताला घाल. पण खताचे पैसे वेगळे आहेत, हे माझे आहेत. त्यामुळे खर्च करू का, असं मी विचारत नाहीये. जास्त पैसे टाकले तर जास्त ऐकू येतं का, एवढंच मला नीट समजून घ्यायचंय.

मी ख्याल ऐकते, नाट्यगीतं ऐकते, आणि तबल्याचं एकल वादन फार आवडतं. लहानपणी पेटी शिकलेय, त्यामुळे सूर जरा हलला तरी कळतो. ऐकायची वेळ रात्रीची, सगळं आवरून झाल्यावर तास-दीड तास. सासूबाई माजघरात झोपतात आणि त्यांची झोप फार सावध, तेव्हा स्पीकर लावायचा प्रश्नच येत नाही. घर जांभ्याचं, वर कौलं, आणि मी बसते त्या खोलीला लागून पडवी. तिच्यावर पत्रा आहे. पावसात तिथे काय आवाज होतो ते इथल्या लोकांना सांगायला नको.

सध्या फोनबरोबर आलेले इअरफोन वापरतेय. त्यात तानपुरा आहे एवढंच कळतं, त्याचा झंकार नाही. विलंबित चालू असताना डग्गा आणि गायकाचा आवाज एकमेकांत मिसळून जातात. ही तक्रार पैशाने सुटणारी आहे का?

आणि दुसरं म्हणजे आपली खारी हवा. बहिणीच्या महागड्या ब्लूटूथ हेडफोनचं गादीवरचं रेक्झिन दोन पावसाळ्यांत सोलून निघालं, केसांत काळे तुकडे अडकायचे. तसं झालं तर जिवाला लागेल. नवीन फोनला गोल पिन लावायची सोय नाही, हेही सांगून ठेवते.

भजनी बुवा (कुडाळ)

ताई, तुमी इतको इचार कित्याक करतात? माझ्याकडे दोन हजाराच्या आतलो, तारेचो, कानात घालूचो आसा. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचो भजनाचो सामनो, त्याच्यारच ऐकतंय. पखवाज कसो खणखणीत वाजता! त्याचो घुमारो वेगळो, झांज वेगळी, सगळा समाजता. भाऊ सांगता ता खरा. फक्त रस्त्यार मिळतत ते घेव नकात, नावाजलेल्या कंपनीचो घेवा.

भाट्ये (रत्नागिरी)

बुवांचा अनुभव खरा असेल, पण माझं मत वेगळं आहे. माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ५६०एस आहे, मोकळ्या पाठीचा. म्हणजे कपाच्या बाहेरच्या बाजूला जाळी असते आणि आवाज डोक्यात कोंडल्यासारखा होत नाही. बैठकीत समोर बसल्यावर तानपुरे मागे, तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला असं जे कळतं, ते काहीसं यात कळतं. कानात घालायच्या लहान वस्तूत मला ते कधीच मिळालं नाही. गादी मखमली कापडाची आहे, तास-दीड तास बसलं तरी कान तापत नाहीत. ताई, तुमचं बजेट आहे, तुम्ही ऐकणाऱ्या आहात, तर कमी कशाला घ्यायचं? वर्षानुवर्षं वापराल.

मिक्सरवाला (सावंतवाडी)

ताई, मी साऊंडचं काम करतो. दशावतार, भजनं, जत्रा, आणि वर्षातून काही शास्त्रीय बैठकी. कामाच्या दिवशी हेडफोन कानावरून उतरत नाही आणि गाणं हा माझ्याही जिवाचा विषय आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

किमतीचं आधी. २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. खर्जापासून टिपेपर्यंत कुठला स्वर किती जोरात वाजतो, त्याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. त्याचा आणि दुकानातल्या किमतीचा काही मेळ त्याला आढळला नाही. मग महाग हेडफोनात पैसे जातात कुठे? बरेचसे ब्लूटूथ, बॅटरी, बाहेरचा गोंगाट कापणारे माइक आणि जाहिरात यांत. तुम्ही एका जागी बसून ऐकणार, म्हणजे यातलं तुम्हाला काहीच नको. शिवाय बॅटरी काही वर्षांत दमते आणि बहुतेक हेडफोनांत ती घरी बदलता येत नाही. तेव्हा तारेचाच घ्या, यावर मी ठाम आहे. तारेच्या वस्तूत जादा पैसा जातो तो बांधणीत, गादीत आणि सुटे भाग मिळण्यात, आणि तो मात्र आपल्याकडे वसूल होतो.

आता तुमच्या तानपुऱ्याकडे येतो. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असेल तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्‌झला आणि खर्जाची तार ६९ च्या आसपास (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं). गायिकांची पट्टी वर असते, तिथे खर्जही शंभराच्या पुढे जातो. एवढा खर्ज बऱ्यापैकी कुठलाही हेडफोन देतो, स्वस्तातलाही. तुम्हाला जो झंकार सापडत नाही तो जवारीचा, म्हणजे तार घोडीला घासून उठतो तो आहे. तो त्या खर्जावर चढत जाणाऱ्या वरच्या स्वरांचा असतो, काही हजार हर्ट्‌झपर्यंत. ते स्वर एकसारखे वाजले तरच तार बोलल्यासारखी वाटते. मध्येच कुठे खड्डा असेल तर नुसती गुणगुण उरते.

आणि डग्गा मिसळण्याचं कारण मी रोज बघतो. लोकांना ‘बास’ हवा असतो, म्हणून स्वस्त हेडफोनात साधारण १०० ते २५० हर्ट्‌झचा पट्टा फुगवलेला असतो. नेमकी तीच पुरुष गायकाच्या मंद्र-मध्याची जागा. डग्ग्याची घुमक गायकाच्या अंगावर पांघरुणासारखी पडते आणि शब्द, श्वास, कणस्वर सगळं खाली दबतं. मंचावर हेच झालं की मी पहिल्यांदा तो पट्टा थोडा खाली घेतो, लगेच गळा मोकळा होतो. म्हणून सांगतो, तुमची तक्रार पैशाने सुटेलच असं नाही, सपाट, म्हणजे कुठलाच पट्टा न फुगवता वाजणाऱ्या हेडफोनाने सुटेल. खोक्यावर ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेलं असेल तर हातसुद्धा लावू नका, मग तो दोन हजारांचा असो की वीस.

बुवा सांगतात त्यात तथ्य आहे. कानात घालायचे तारेचे इअरफोन गेल्या काही वर्षांत फार सुधारलेत. मूनड्रॉपचा चू २ घ्या, दोन हजारांच्या आसपास मिळतो, सुरेल वाजतो, तारही सुटी होते. आवाजाच्या तोलात तो कित्येक महागड्या हेडफोनांना मागे टाकेल. पण दमट हवेत दीड तास कानाच्या भोकात रबर ठेवून बसणं मला जमत नाही, कान खाजतात, आतून ओले होतात. ज्यांना जमतं त्यांनी पुढचं वाचू नये, तिथेच थांबावं, पैसे वाचले.

भाट्येंचा ५६०एस मी ऐकलाय. सुंदर वस्तू आहे, आणि उन्हाळ्यात रात्री शांत घरात मीही तोच निवडीन. पण ताई, तुमच्या पडवीवर पत्रा आहे! मोकळ्या पाठीचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतच नाही, जाळीतून सगळं सरळ आत येतं. जुलैत पत्र्यावर सर कोसळायला लागली की त्या आवाजाच्या वर गाणं काढायला तुम्ही आवाज वाढवणार, आणि त्यात कान जातात. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. तुमच्यासारख्या रोज ऐकणाऱ्याचे ४ तास चार रात्रींच्या आत संपतात. उलट बाजूनेही तेच, मोकळ्या हेडफोनातलं गाणं बाहेर ऐकू येतं आणि सासूबाई शेजारच्या खोलीत आहेत. आपल्याकडे पाऊस चार महिने असतो, बेत त्यालाच धरून करायचा. तुम्हाला बंद कपाचा हवा.

बंद कपात माझी निवड ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स. भाव वर-खाली होतात, पण तुमच्या बजेटच्या बराच आत बसेल. कामाला मी सोनीचा एमडीआर-७५०६ वापरतो. तो १९९१ पासून जवळपास तसाच विकला जातोय आणि स्टुडिओवाल्यांचा लाडका आहे, पण तो वरच्या स्वरांत तिखट आहे. मंचावर मला तेच हवं असतं, कुठे खरखर आहे, कुठला माइक शिट्टी मारायच्या बेतात आहे ते लगेच कळतं. तुम्ही मात्र जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणार, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यगीतं ऐकणार. त्यातली खरखर ७५०६ पुढे आणून ठेवतो. एम४०एक्स त्या मानाने शांत आहे, डग्गा डग्ग्याच्या जागी राहतो, तबल्याच्या कडेवरची चाट स्वच्छ लागते. त्याचा इम्पीडन्स ३५ ओहम, म्हणजे फोनवरही भरपूर वाजतो, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. तार सुटी होते, ही आपल्याकडे मोठी गोष्ट, कारण खाऱ्या हवेत आधी मरते ती तार आणि पिन.

गादीचं दुःख मात्र यालाही आहे. ते रेक्झिन म्हणजे पॉलियुरेथेन, दमटपणात ते आपोआप विघटतं, तुम्ही कितीही जपा. पण याच्या गाद्या ओढून काढता येतात आणि कापडी गाद्या वेगळ्या विकत मिळतात. उरलेल्या पैशांतून त्या आत्ताच घेऊन ठेवा. कापडी गादीने बास थोडा उतरतो, तुमच्या गाण्याला ते चालेल.

सुरंगी (देवगड)

मिक्सरवाले दादा, किती मनापासून लिहिलंत! मोकळ्या पाठीचं आणि पत्र्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाट्ये, तुमचं वाचून आधी मी तोच घ्यायच्या बेतात होते, आणि समोर बसल्यासारखं ऐकायचा मोह अजून गेलेला नाही.

पुढच्या महिन्यात नणंदेकडे मुंबईला जातेय. तिथे दुकानात कानाला लावून बघता येईल. अशा वेळी नेमकं काय ऐकायचं? दुकानदार त्याचं काहीतरी धडधडणारं गाणं लावून देतो आणि दोन मिनिटांत सगळेच भारी वाटायला लागतात. आणि फोनला पिन नाही त्याचं काय करू?

भाट्ये (रत्नागिरी)

मिक्सरवाल्यांचं पावसाबद्दलचं म्हणणं मान्य. माझं घर स्लॅबचं आहे, त्यामुळे मला तो त्रास कधी झाला नाही. ताई, मुंबईला जाताना रत्नागिरीत उतरणं जमणार असेल तर माझा ऐकून जा, दुकानापेक्षा निवांत ऐकाल. मग पत्र्याखाली काय चालेल ते तुमचं तुम्हीच ठरवा.

मिक्सरवाला (सावंतवाडी)

भाट्येंकडे जाच. चांगला हेडफोन एकदा शांतपणे ऐकला की दुकानातली भूल पडत नाही.

दुकानात स्वतःचा फोन न्या आणि तुम्हाला पाठ असलेलं गाणंच लावा, जिथे पुढची जागा कोणती येणार हे आधीच ठाऊक असतं. सुरुवातीचा तानपुरा ऐका, गायकाने सा लावायच्या आधीचा. मग विलंबितात डग्ग्यावर मनगट घासून मींड काढतात ती ऐका. सूर खालून वर सरकताना सलग गेला पाहिजे, मध्येच एखादा स्वर ढुम्म करून फुगला की तो हेडफोन बाजूला ठेवा. मग द्रुतात ताना सुरू झाल्यावर पेटी शोधा. तुम्ही पेटी शिकलाय, तुम्हाला ती गायकाच्या मागून जाताना स्वर-स्वर कळली पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक हेडफोनवर आवाज कानाला सारखा करून मगच तुलना करा. थोडा जोरात वाजणारा कानाला नेहमी चांगला वाटतो, दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं.

पिनेसाठी टाइप-सीचा छोटा डोंगल मिळतो. घेताना त्यात डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) आहे हे विचारून घ्या, नुसता जोड असलेला स्वस्त तुकडा पुष्कळ फोनांवर वाजत नाही. आयफोनवाल्या कंपनीचा डोंगल गुणाने चांगला आहे, पण काही अँड्रॉइड फोनांवर त्याचा आवाज फार हळू येतो, म्हणून तुमच्या फोनला लावून बघूनच पैसे द्या. अँड्रॉइड असेल तर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप टाका. त्यात हजारो हेडफोनांसाठी मोजून केलेली दुरुस्ती तयार असते, आपलं मॉडेल निवडलं की झालं. त्याने स्वस्त हेडफोनसुद्धा पुष्कळ सुधारतो, बुवांनीही करून बघावं.

ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या दाण्यांचं जेल घेतलंत तर दाणे गुलाबी झाल्यावर मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा निळे करता येतात, फक्त तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. ऐकून झालं की घाम पुसून, गाद्या थोडा वेळ पंख्याखाली सुकवून मग डब्यात. पिनेवर हिरवट डाग दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, मेडिकलमध्ये मिळतं.