भुवया, नाकाच्या कडा, टाळू: सेबोऱ्हिक डर्मटायटिससाठी रोज नेमकं काय करायचं?

पाखाडी

नमस्कार. मी रत्नागिरीजवळ आंब्याच्या कॅनिंगला कामाला आहे, वय २९. एप्रिल संपत आला की पाऊस पडेपर्यंत आमची मोठी पाळी असते. डोक्याला इलॅस्टिकची टोपी, तोंडाला मास्क, आणि आत रस तापत असतो त्याची वाफ. घाम टोपीच्या कडेने कपाळावर उतरतो आणि तिथेच सुकतो.

तीन वर्षांपासून मला हा त्रास आहे. आधी नुसता कोंडा होता. मग भुवयांत खपल्या धरू लागल्या, नखाने काढल्या तर खाली लाल आणि ओलसर. नंतर नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, कानांच्या मागे, दाढीत. खपली कोरडी नसते, मेणासारखी चिकट आणि पिवळट असते. ती गेली की तिथली कातडी आजूबाजूपेक्षा फिकट दिसते. शेजारच्या काकींनी आईला हळूच विचारलं, "कोड तर नाही ना?" तेव्हापासून आईची झोप उडाली आहे. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू आहे.

गेल्या मंगळवारी सुपरवायझरने माझ्या कॉलरवरचा कोंडा सगळ्यांसमोर बोट करून दाखवला आणि मला रसाच्या लाइनवरून काढून पेट्या उतरवायला गाडीवर पाठवलं. खायचा माल आहे, लाइनवरून काढणं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण "आंघोळ करत जा" हे वाक्य मला लागलं. मी दोन वेळा आंघोळ करतो, दोन्ही वेळा साबण लावून खसखसून.

आतापर्यंत केलेले उपाय: आजी रोज रात्री घाण्यावरचं खोबरेल टाळूत जिरवते, चेहऱ्यालाही लावते. मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, दीड वर्ष तीच चालू आहे. लावली की तीन दिवसांत चेहरा साफ होतो, थांबवली की आठवड्यात दुप्पट येतं. आता तर उन्हात बाहेर पडलो की गाल पेटल्यासारखे होतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रोजचा क्रम काय ठेवू? तेल बंद करू का, कारण आजीला वाईट वाटेल? आणि हे दुसऱ्याला लागतं का? भावाचा आणि माझा टॉवेल एकच आहे.

मालवणची_ताई

भावा, शेवटचं आधी सांगते म्हणजे आज रात्री नीट झोपशील. हे लागत नाही. टॉवेलने नाही, कंगव्याने नाही, लग्न करून नाही. आणि अस्वच्छतेनेही होत नाही. ते वाक्य मनातून काढून टाक.

मी खानावळ चालवते. अकरा वर्षांपासून मला हेच आहे, तुझ्यासारखंच भुवया, नाक, कान, आणि वर छातीच्या मधोमध. दुपारी बारा ते तीन मी चुलीसमोर असते, म्हणून वाफ आणि घाम म्हणजे काय ते मला समजतं. पहिली चार वर्षं मी तू करतोयस तेच केलं, तेल आणि ट्यूब. मग कुडाळला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि वहीच्या पानावर चित्र काढून समजावलं. ते सांगते, कारण कारण कळल्याशिवाय रोजचा क्रम टिकत नाही.

आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक बारीक बुरशी, राहते. माझ्या, तुझ्या, सुपरवायझरच्याही. तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही, म्हणून ती कातडीतून येणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडून ती आपल्याला हवं ते खाते, आणि जे उरतं, त्यातलं ओलेइक ॲसिड मुख्य, ते काही लोकांच्या कातडीला टोचतं. मग लाली, खाज, आणि कातडी घाईघाईने नवी होऊन जुनी खपलीसारखी सुटते. म्हणून हे बरोबर तिथेच येतं जिथे तेल जास्त सुटतं. हातापायांवर तुला खपली दिसणार नाही. ही यीस्ट मुळापासून काढून टाकता येत नाही, कमी ठेवता येते. कौलारू घर दरवर्षी पावसाआधी शाकारावं लागतं तसं. एकदा शाकारलं म्हणून पुढच्या मे महिन्यात शिडी लावायची चुकत नाही.

आता ट्यूब. घरी जा आणि तिच्यावरचं बारीक अक्षरातलं नाव वाच. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. तीन दिवसांत साफ, आठवड्यात दुप्पट, उन्हात जळजळ, ही सगळी त्याचीच लक्षणं वाटतात. पण दीड वर्ष लावलेलं एका दिवसात फेकून देऊ नकोस. मी फेकलं होतं. चौथ्या दिवशी माझा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल आणि सुजलेला, आठ दिवस गिऱ्हाइकांसमोर आले नाही. ते कसं उतरवायचं हे डॉक्टरच ठरवतील. रजा टाकून जा. खाजगी परवडत नसेल तर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात ओपीडीत त्वचेच्या डॉक्टरांचा वार विचार.

फिकट डागांचं आईला असं सांग: कोड दुधासारखं पांढरं असतं, कडा स्पष्ट असते आणि वर खपली नसते. आपल्या सावळ्या रंगावर सेबोऱ्हिकचे डाग असेच फिकट दिसतात, आणि सूज उतरली की काही आठवड्यांत, महिन्यांत रंग परत येतो. तरी डॉक्टर बघतील तेव्हा आईला सोबत ने. त्यांच्या तोंडून ऐकलं की तिचं समाधान होईल.

माझा रोजचा क्रम लिहिते, तू डॉक्टरांना दाखवून घे.

सकाळी साबण नाही. साबणाचा फेस नसलेलं साधं सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, बोटांच्या पेरांनी. खसखसून नाही. तुझं खसखसणं हे अर्ध्या लालीचं कारण असेल. पुसायला मी जुन्या सुती पंचाचा तुकडा ठेवलाय, घासायचं नाही, नुसता टेकवायचा. मग हलकं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, चण्याएवढं. तेलकट कातडीला मॉइश्चरायझर कशाला असं मलाही वाटायचं, पण कोरडी ओढलेली कातडी जास्त चिडते.

दुपारी चूल उतरली की आधी साध्या पाण्याने तोंड धुते, मगच जेवते. तू पाळीतल्या सुट्टीत टोपी काढून कपाळ आणि कानांमागचा घाम ओल्या रुमालाने टिपून घे. एवढंच, पण रोज.

रात्री सकाळसारखंच धुणं, आणि त्रास उठलेला असेल तर कीटोकोनाझोल (त्या यीस्टवरचं औषध) २ टक्के क्रीम चट्ट्यांवर पातळ. मला चार आठवडे सांगितलं होतं. साफ झालं म्हणून दहाव्या दिवशी थांबवायचं नाही, ही चूक सगळे करतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, न्हाणी. कीटोकोनाझोल २ टक्के शाम्पू, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा. माझे वार मंगळवार आणि शुक्रवार. केसांना नाही, टाळूला लावायचा. भांग पाडत पाडत बोटांनी कातडीवर पोचवायचा, आणि तोच फेस डोळे मिटून भुवयांवर, नाकाच्या घड्यांत, कानांमागे, दाढीत. मग पाच मिनिटं थांबायचं. लोक दहा सेकंदांत धुवून टाकतात आणि म्हणतात गुण नाही आला. औषधाला कातडीवर बसायला वेळ द्यावा लागतो. मी तेवढ्या वेळात न्हाणीघरातच बसून कपडे चोळते, दोन परकर आणि एक चादर झाली की पाच मिनिटं होतात. महिनाभराने आठवड्यातून एकदा, आणि ते कायम.

तेलाबद्दल आजीला दुखवू नकोस. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "केसांक तेल लावलस नाय तर डोक्यात उष्णता चडतली." पण त्या यीस्टला आपण रोज रात्री ताट वाढून ठेवतो असं होतं. चेहऱ्यावर तेल पूर्ण बंद. टाळूत रात्रभर जिरवणं बंद. खपल्या फारच जाड बसल्या तर बाळांचं मिनरल ऑइल तासभर लावून मऊ करायच्या आणि शाम्पूने धुवून टाकायच्या. मिनरल ऑइल तिला खाता येत नाही. मी सासूबाईंना न्हाणीच्या आधी केसांच्या फक्त टोकांना खोबरेल लावायला द्यायचे. त्यांचा हात डोक्यावरून फिरायचा, ते मलाही हवंच असायचं. आणि कोणी नाकाला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावायला सांगेल तर नको. भेगा पडलेल्या टाचांना त्यासारखं दुसरं काही नाही, पण इथे ते तेलच.

एक शंका आहे. आंबा कापताना चीक उडतो का चेहऱ्यावर? चिकाचा डाग वेगळा. जिथे उडाला तिथेच, एका बाजूला, भाजल्यासारखा, फोड येऊन काळा पडतो. दोन्ही भुवया, नाकाच्या दोन्ही कडा सारख्याच असतील तर चीक नाही. पण दोन्ही एकत्र असू शकतं, डॉक्टरांना कामाचं सांग.

वाशिष्ठीकाठ

लिंबू अर्धं कापून टाळूला आणि चेहऱ्याला चोळ. आमच्याकडे सगळे करतात. कोंडा एका आठवड्यात जातो.

मेडिकलवाला_दापोली

लिंबू चेहऱ्याला लावू नका, विनंती आहे. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. पाखाडीदादांचा चेहरा तर आधीच उन्हात जळतोय.

मी काउंटरवर उभा असतो म्हणून ट्यूबबद्दल लिहायला हवं. क्लोबेटासोल, बीटामेथासोनसारखी मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी "खाज आहे, ती ट्यूब द्या" असं म्हणत रोज माणसं येतात आणि पुष्कळ ठिकाणी ती दिली जाते. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या त्या ट्यूबने चेहऱ्याची वाट लागलेले लोक मी बघतो आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. हलकं स्टेरॉइड थोडे दिवस डॉक्टर स्वतः देतात, ते वेगळं.

शाम्पूने फरक पडेनासा झाला तर झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू आलटून पालटून वापरायला डॉक्टर सांगतात. कीटोकोनाझोलची गोळी मात्र कोणी सुचवली तर स्वतःहून घेऊ नका, ती यकृताला धोकादायक आहे. लावायचं आणि गिळायचं यात मोठा फरक आहे.

ओटीवरची

मध्येच विचारते, माफ करा. माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, टाळूवर जाड पिवळी खपली आहे. सासूबाई फणीने खरवडतात. हे तेच का?

मालवणची_ताई

तेच गं, बाळांचा प्रकार. बाळाला खाज नसते, त्रास आपल्यालाच बघून होतो. बहुतेक वेळा वर्षाच्या आत आपोआप जातं. फणी नको, रक्त निघून जखम चिघळते. बाळाचं मिनरल ऑइल लावून मऊ झालं की मऊ ब्रशने हलकेच, मग बाळाच्या शाम्पूने धू. चेहऱ्यावर, मांड्यांत पसरलं किंवा पाणी सुटलं तर डॉक्टरांना दाखव. मोठ्यांचा शाम्पू बाळाला लावू नकोस.

पाखाडी

सात आठवड्यांनी लिहितोय. ताई म्हणाल्या तसं आईला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी आईला आरशासमोर माझा डाग दाखवून सांगितलं की कोड नाही. आई तिथेच बाकावर बसून रडली.

ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होतं. ती उतरवायला आधी हलकं मलम दिलं, मग स्टेरॉइड नसलेलं. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. चेहरा लाल, रात्री जळजळ, वर पाळी चालूच. एकदा हात ट्यूबकडे गेलाही होता. ती भावाच्या ताब्यात दिली होती, त्याने दिली नाही. तिसऱ्या आठवड्यापासून उतार पडला. आता भुवयांत खपली नाही. नाकाजवळचा फिकटपणा कडेकडून भरत आलाय, मधे अजून तांदळाच्या दाण्याएवढा आहे. काळा शर्ट घालून बाजारात गेलो, तीन वर्षांत पहिल्यांदा.

शाम्पूचे वार कालनिर्णयवर आजीच गोल करून ठेवते. पाच मिनिटं ती बाहेरून मोजते आणि "झाली रे" म्हणून हाक मारते. तेल आता फक्त टोकांना, तेही तिच्याच हातून.

सीझन संपला, पाऊस लागला. आता टॉवेल सुकत नाही, सगळं दमट. त्याने परत उठेल का?

मालवणची_ताई

वाचून डोळे भरून आले रे. आईला माझा नमस्कार सांग.

दमट टॉवेल डोक्याला गुंडाळून ठेवू नकोस, केस ओले बांधू नकोस. मी पंचाचे सहा तुकडे केलेत, एक चेहऱ्याला लागला की दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि वापरलेला चुलीच्या वरच्या दोरीवर. हेल्मेटच्या आतला कपडा निघत असेल तर धू, भिजून आलास की हेल्मेट उलटं करून पंख्याखाली ठेव. जागरण झालं किंवा मनाला ताण बसला की माझं उठतं, तुझं कशाने उठतं ते कालनिर्णयवरच लिहून ठेव.

आणि गणपतीत सांभाळ. माणसं येतात, न्हाणीघरासमोर रांग लागते, पाच मिनिटं बसून राहायला लाज वाटते, मग आपण शाम्पू राहू दे म्हणतो. माझी दोन वर्षं तिथेच चुकली. पहाटे सगळ्यांच्या आधी न्हाऊन घे.