स्कूटरवरून पडलो, एक्स-रे नॉर्मल, तरी तीन आठवडे मनगट दुखतंय. चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमट, म्हणजे आपलं मातीचं तालवाद्य, वाजवता येईल का?

घुमटकार_फोंडा:
मंडळी जरा सांगा. तीन आठवड्यांपूर्वी फर्मागुढीच्या उतारावर स्कूटर घसरली, पावसाने तांबडी माती रस्त्यावर वाहून आलेली, ब्रेक मारला आणि गेलो. उजवा तळहात टेकला, सगळा भार त्याच्यावर. जवळच्या क्लिनिकात त्याच दिवशी एक्स-रे काढला, म्हणाले काही नाही, मुरगळलंय, क्रेप बँडेज बांधा. सूज दोन दिवसांत उतरली पण किल्ली फिरवताना, नळ घट्ट बंद करताना अजून कळ येते. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो ना, तिथे दाबलं की ब्रह्मांड आठवतं. चवथ महिन्यावर आलीय, आरतीला घुमट माझ्याकडेच असतं, आणि थाप उजव्या हाताची.

डिचोलीची_सून:
आमच्या सासूबाईंना सेम तिथेच दुखायचं, आदोळीवर नारळ खवून खवून. डॉक्टरांनी डी क्वेर्व्हेन म्हणून सांगितलं, अंगठ्याचे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवरचं आवरण सुजतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवून बघा, कळ आली तर तेच. पट्टा लावून आणि एका इंजेक्शनने बऱ्या झाल्या. आमच्याकडे एक हाडं बसवणारे पण आहेत, तेल लावून चोळून देतात, हवं तर विचारते.

मोडकं_मनगट:
ताई राग मानू नका पण चोळायला अजिबात पाठवू नका. सासूबाई पडल्या नव्हत्या, हा माणूस पडलाय. आणि ती मूठ वाकवायची टेस्ट मोडलेल्या हातावर केली तरी बोंबच मारेल. माझं हेच झालं होतं, पहिला एक्स-रे स्वच्छ, मी पाच महिने मुरगळलंय म्हणून फिरलो, शेवटी स्कॅफॉइड नावाचं मनगटातलं हाड मोडलेलं निघालं आणि न जुळलेलं. कमरेचं हाड थोडं काढून तिथे भरलं आणि स्क्रू टाकला. आजही पुशअप मारता येत नाही.

फिजिओ_मडगाव:
मोडकं_मनगट यांच्याशी सहमत. मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यातलं सगळ्यात जास्त मोडणारं हे स्कॅफॉइड, साधारण काजूगरासारखं दिसतं. तुम्ही म्हणता तो खळगा म्हणजे पूर्वी लोक तपकीर ठेवून ओढायचे ती जागा, पडल्यावर तिथे दुखलं तर एक्स-रे काहीही म्हणो, फ्रॅक्चर समजूनच चालायचं. बारीक चीर पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी परत काढला की कडा विरघळून दिसायला लागते. त्यातही स्कॅफॉइडचे वेगळे व्ह्यू मागून घ्या, नुसते मनगटाचे दोन नकोत. तरी शंका राहिली तर एमआरआय.
घाई का, तर ह्या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाकडून मिळतं आणि तिथून उलटं कोपराकडच्या टोकाला जातं. मध्ये मोडलं की मागचा तुकडा उपाशी. तो मेला तर पुढे मनगटाची झीज ठरलेली. सिगरेट ओढत असाल तर आजपासून बंद, हाड जुळायला ती फार नडते. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेज) हाडांच्या ओपीडीत दाखवा, सकाळी लवकर जा.

घुमटकार_फोंडा:
अपडेट. चीर निघाली, बरोबर हाडाच्या मध्यात, पण तुकडे सरकलेले नाहीत. कोपराखाली प्लास्टर घातलंय, सहा ते आठ आठवडे, मग सीटी स्कॅन करून जुळलंय का बघणार. मेव्हणा म्हणतो लगेच ऑपरेशन करून टाक, मोकळा होशील. करू का?

फिजिओ_मडगाव:
सरकलेलं नसेल तर आधी प्लास्टर हे बरोबरच आहे. ब्रिटनमध्ये ४३९ जणांवर अभ्यास झाला, २०२० साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, लगेच स्क्रू टाकलेले आणि आधी प्लास्टर घातलेले, वर्षाने दोघांच्या हातात म्हणावा असा फरक नव्हता. फक्त सीटीत जुळलेलं दिसलं नाही तर मग ऑपरेशन लांबवायचं नाही. बोटं रोज हलवत राहा, प्लास्टर भिजवू नका.

मोडकं_मनगट:
आणि चवथीला डाव्या हाताने थाप मारून बघेन वगैरे डोक्यात असेल तर विसरा, घुमटाच्या मागच्या तोंडावर प्लास्टरचा हात आपटत बसाल. पोराला बसव ह्या वर्षी.

घुमटकार_फोंडा:
पोराला शामेळ (घुमटाच्या साथीचं दुसरं तालवाद्य) येतो, घुमट नाही. भाचीला येतं, तिलाच सांगतो.