जोडीदाराची पारख काठावरच करा

स्कूबा डायव्हिंगला पाण्याखाली सोबत कोण हवा, यावर "ज्याच्या लॉगबुकात डाइव्ह जास्त, तो जोडीदार भरवशाचा" असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही.

आम्ही कोल्हापूरचे चौघे. मालवणला जाताना घाट उतरेपर्यंत गाडीतच निम्मी पारख होते. रात्री झोप झाली का, सर्दी आहे का, काल घेतली होती का, याला सरळ उत्तर न देणाऱ्याबरोबर मी पाण्यात उतरत नाही.

पण खरी कसोटी सिलिंडरची. अंदमानला एका नवख्या जोडीदाराने सिलिंडर तसाच पाठीला लावायला घेतला. "भरणाऱ्याने ३२ टक्के ऑक्सिजन सांगितलाय की!" मी ऑक्सिजन मोजायचा ॲनालायझर आधी साध्या हवेवर २०.९ टक्क्यांना जुळवला आणि मग सिलिंडरला लावला, तर आकडा ३६. बेत ३३ मीटरचा होता. खोलीबरोबर श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब वाढतो; त्याची १.४ बारची मर्यादा धरली तर ३६ टक्क्यांना २८ मीटरच्या खाली जायचंच नाही. ऑक्सिजन जास्त झाला की पाण्यातच झटके येतात आणि तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची नळी, सुटतो. डिकोच्या, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने थांबून श्वास घ्यायच्या, सिलिंडरला तर हे आणखी कडक पाळावं लागतं, शुद्ध ऑक्सिजन फक्त ६ मीटरपर्यंत. स्वतः मोजून टक्के, तारीख, कमाल खोली सिलिंडरवरच्या पट्टीवर लिहिणारा माणूस मला शंभर डाइव्हवाल्यापेक्षा जवळचा.

आणखी एक बघा. तुम्ही अंगठा वर केला, म्हणजे 'वर चला' अशी खूण केली, की जोडीदार कारण न विचारता वर निघतो का? बोटीवर आल्यावर तोंड पाडून बसला, तर पुढच्या वेळी त्याला भिऊन तुम्ही अंगठा दाखवायला उशीर कराल. असा जोडीदार मी एकदा सोडलाय, चांगला मित्र असूनही.