चवथीआधी पोलिसांना काय मागायचं?

सेक्रेटरी, रात्री 9.10
नमस्कार. काल सी विंगच्या तळमजल्यावर, मागच्या बाजूचं खिडकीचं ग्रिल वाकवलेलं सापडलं. आत कोणी शिरलं नाही, देवाची कृपा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तीन आठवडे राहिले. लोक गावी जाणार, निम्म्याहून जास्त फ्लॅट बंद असणार. येत्या ग्रामसभेत आपल्या वाड्यासाठी (वस्तीसाठी) पोलीस चौकी मागावी असं कमिटीचं मत आहे. बोला.

ए-302, 9.14
शंभर टक्के पाठिंबा. पर्वरीत दर वर्षी नवीन बिल्डिंगी उभ्या राहतात, पोलीस मात्र तेवढेच.

सी-102, 9.16
ते ग्रिल आमचंच. खालचे दोन गज बाहेर ओढलेत, स्लॅबवर ताज्या गंजाचा भुगा पडला होता. रात्रभर झोप नाही. चौकी पाहिजेच.

बी-104 काका, 9.31
वहिनी, आधी सांगा, तक्रार दिलीत का?

सी-102, 9.32
नाही काका. काही गेलं नाही ना, म्हणून ग्रुपवर फोटो टाकला.

बी-104 काका, 9.47
मग पोलिसांच्या लेखी आपल्याकडे काही घडलेलंच नाही. मी नोकरीत असताना कित्येक वर्षं ड्युटी लावायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौकीत चोवीस तास एक माणूस बसवायचा तर आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एकाला साप्ताहिक सुट्टी धरून सहा पाळ्या दिल्या तरी साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा आल्या की चार-पाच. एका खुर्चीसाठी! आणि ही माणसं येणार कुठून? गस्तीवरूनच काढणार. चौकीतला शिपाई खुर्ची सोडून सी विंगच्या मागे फिरायला येणार नाही.

पर्वरीचं आणखी एक आहे. गोव्याची विधानसभा इथेच, अधिवेशन लागलं की बंदोबस्त. हायवेवर उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून ट्राफिकला माणसं उभी करावी लागली. कागदावरची संख्या आणि रात्री दोन वाजता हाताशी असलेली संख्या यांत फार अंतर असतं. देशभर हीच गत आहे. 1 जानेवारी 2020 ला लाख लोकांमागे मंजूर पदं सुमारे 195 आणि प्रत्यक्ष पोलीस सुमारे 156 होते.

ए-302, 9.52
काका, मग आम्ही गप्प बसायचं का?

बी-104 काका, 10.03
गप्प कशाला? नेमकं मागायचं. आपल्याला दुपारी बारा ते चार आणि रात्री एक ते चार गस्त हवी. दुपारी सगळे ऑफिसात असतात, मागच्या पायवाटेला चिटपाखरू नसतं. गेटवर गस्तीची वही ठेवू, येणारा सही आणि वेळ टाकेल. चवथीच्या पाच दिवसांत फेऱ्या वाढवा म्हणून वेगळं पत्र, सोबत बंद फ्लॅटची यादी. ती यादी स्टेशनात हातात द्यायची, ग्रुपवर कोणीही टाकू नका.

केरळात 2008 पासून जनमैत्री योजनेत बीटचा, म्हणजे नेमून दिलेल्या भागाचा, पोलीस घरोघरी जाऊन ओळख करून घेतो. आपल्या बीटचा हवालदार कोण हे इथे किती जणांना ठाऊक आहे? मलाही नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

सी-102, 10.08
आता तक्रार चालेल का? एक दिवस उलटलाय.

बी-104 काका, 10.11
चालेल. 1 जुलै 2024 पासूनच्या कायद्यात ऑनलाइनही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. पण तुम्ही उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. ग्रिल दुरुस्त करू नका, त्यांना बघू दे. आणि सगळ्यांना सांगतो, रात्री कोणी संशयास्पद दिसलं तर आधी 112, मग ग्रुप. त्या कॉलची वेळ आणि जागा नोंदली जाते. जिथे नोंदी जास्त तिथे माणूस पाठवायला अधिकाऱ्याकडे आधार असतो.

ए-302, 10.15
पटलं. तरी पदं भरा हेही लिहूया. लोकवस्ती वाढतेय ते खोटं नाही.

बी-104 काका, 10.16
लिहा, जरूर लिहा. फक्त गस्तीच्या वेळा पहिल्या परिच्छेदात येऊ देत.

सेक्रेटरी, 10.20
मसुदा उद्या संध्याकाळी टाकतो. बंद फ्लॅटवाल्यांनी गावचा फोन नंबर मला पर्सनलवर द्यावा. भाडेकरूंचे पडताळणी फॉर्म राहिलेत, तेही याच आठवड्यात.

बी-201 मावशी, 10.34
आम्हाला यंदा सुतक, चवथ नाही. मी आणि हे इथेच आहोत. वही गेटवर आली की रोज सकाळी सह्या बघेन, सही नसेल तर सेक्रेटरींना फोन करेन. सी-102, तुझ्या बाल्कनीतला दिवा रात्री कोणी लावायचा? किल्ली माझ्याकडे देऊन जा.